खरेबुवाची वही

आमच्या ख्रिस्ती मंडळीला शंभर वर्षं पूर्ण होणार म्हणून एक पुस्तिका निघते आहे. नवे पाळकसाहेब माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही खरेबुवांच्या जवळचे. त्यांच्यावर चार चांगल्या ओळी लिहून द्या. साधा सेवक, विश्वासात स्थिर, असं काहीतरी." त्यांनी मला कोरा कागदही दिला, एकच. म्हणजे त्याहून जास्त लिहू नये अशी व्यवस्था. माणूस तरुण आहे, चांगला आहे आणि त्याला काहीही ठाऊक नाही. मी मयताच्या पेट्या बनवणारा सुतार. माझ्या ओळी चांगल्या येतील की नाही सांगता येत नाही, पण एका कागदावर त्या मावणार नाहीत. छापायच्या की चुलीत घालायच्या ते त्यांनी बघावं.

खरेबुवा हे त्याचं नाव नव्हे, ते मी ठेवलेलं. शाळेत कुणीतरी फळ्यावर मास्तरांचं चित्र काढलं होतं. मास्तरांनी विचारलं, कोणी काढलं? वर्गात अळीमिळी गुपचिळी. तेवढ्यात हा उठून म्हणाला, "चित्र मी काढलं. नाक याने काढलं." हा म्हणजे मी. दोघांनी छड्या खाल्ल्या, आणि त्या दिवसापासून तो खरेबुवा झाला. पुढे त्याचं बाप्तिस्म्याचं नाव त्याच्या बायकोलासुद्धा आठवावं लागे.

असा माणूस लांबून बरा वाटतो. जवळ राहून बघा. आमच्या घरी जेवायला आला आणि बायकोने विचारलं, "भाऊजी, भाजी कशी झालीय?" तर म्हणायचा, "खारट." त्याची बायको कपाळाला हात लावून सांगायची, "यांना कुणी काही विचारत जाऊ नका हो." तिचं खरं होतं. तो आपणहून कुणाला टोचायला जात नसे, पण विचारलं की संपलं.

त्याचा बाप कबरी खणायचा, मग तो खणायला लागला. दफनभूमीच्या फाटकाला लागून त्याच्या दोन खोल्या, आणि रस्त्याच्या पलीकडे माझं दुकान. बाहेरच्या खोलीत दारामागे पहार, टिकाव, दोन खोरी, घमेली, आणि पेटी खाली सोडायचे दोर नीट वेटोळे करून टांगलेले. दोर तो आठवड्यातून एकदा हाताने चाचपून बघायचा. माझ्या दुकानातून निघालेल्या पेटीने रस्ता ओलांडला की ती त्याची. तीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून या वस्तीतली माणसं पोचती केली.

आता वहीचं सांगतो, कारण सगळं त्या वहीवरून झालं. मंडळीची मोठी नोंदवही पाळकसाहेबांच्या कपाटात असते, तिच्यात नाव, वय आणि तारीख. खरेबुवाची वही वेगळी. त्याच्या बापाच्या काळात एकदा साथ आली होती, तेव्हापासून आमच्याकडे नियम पडला: साध्या मरणाला पाच फूट खोल, आणि लागट रोगाने गेला असेल तर सात फूट. म्हणजे पहार मारण्याआधी खणणाऱ्याला मरणाचं कारण विचारावं लागतं. घरची मंडळी रडत असतात, आणि हा दारात टोपी काढून उभा राहून विचारतो, "कशाने गेले?" ते जे सांगतील, डॉक्टर जे लिहून देईल, ते सगळं तो वहीत उतरवायचा. रांग, नंबर, वय, काय काम करायचा, कशाने गेला, किती फूट. तुम्हाला वाटेल दोन फुटांनी काय होतं. आमच्याकडे पाच फुटांखाली कातळ लागतो. वरच्या पाच फुटांना सकाळ पुरते, खालच्या दोन फुटांना दिवस जातो.

वस्तीच्या टोकाला पुडीची गिरणी आहे. पांढरा दगड दळून त्याची पूड काचेच्या आणि चिनीमातीच्या कारखान्यांना जाते. गिरणीत कामाला असलेला माणूस ओळखायला काही लागत नाही. भुवया पांढऱ्या, कान पांढरे, आणि दहा पावलं चालला की भिंतीला हात लावून उभा. माणूस मेला की गिरणी फार माया दाखवायची. मॅनेजर स्वतः घरी यायचे आणि पेटी गिरणीकडून फुकट असायची. ती पेटी मी बनवायचो. पेटीबरोबर एक कागद यायचा: मयताला दुखणं आधीपासून होतं, घरच्यांची गिरणीबद्दल काही तक्रार नाही, पुढे काही मागणं नाही. सही किंवा अंगठा. टेबल नसेल तर पेटीच्या झाकणावर कागद ठेवून सही घेत. मी झाकणं गुळगुळीत रंधून द्यायचो, त्यामुळे सही छान उठायची.

एका दुपारी खरेबुवा वही घेऊन दुकानात आला आणि माझ्या कामाच्या बाकावरच्या ढलप्या हाताने सारून त्याने ती उघडली.

"मिस्त्री, क्षय घरात एकालाच होतो का?"

"मला काय विचारतोस? मी डॉक्टर आहे का?"

"अकरा वर्षांत गिरणीतले सदतीस गडी मी सात फुटांवर पुरले. गिरणीचा डॉक्टर लिहून देतो, क्षय. या सदतीसांतल्या एकाचीही बायको क्षयाने गेली नाही. पोर गेलं नाही. एका खोलीत सहा-सहा जणं झोपतात. हा कसला क्षय आहे, जो फक्त गिरणीत कामाला जाणाऱ्याला धरतो?"

मी रंधा चालवत राहिलो. तो पानं उलटत वयं वाचायला लागला. एकतीस, अठ्ठावीस, चौतीस. सगळ्यांत म्हातारा एक्केचाळीसचा. तुला माहीत होतं का, असं त्याने मला विचारलं नाही ते बरं झालं, कारण मला हे त्याच्या आधीपासून माहीत होतं. गिरणीतली माणसं मरेपर्यंत इतकी वाळलेली असत की त्यांची पेटी मी न मोजताच चार बोटं अरुंद कापायचो. मला फळ्यांवरून कळलं होतं आणि मी तोंडाला कुलूप लावलं होतं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं?

त्या रविवारी उपासनेत दोन भावांची गोष्ट आली. एकाने दुसऱ्याला शेतात मारलं आणि रक्त जमिनीतून देवाकडे ओरडायला लागलं, ती. आधीचे पाळकसाहेब बंधुप्रेमावर फार गोड बोलले. पुढच्या बाकावर गिरणीचे मॅनेजर बसलेले, कारण ते मंडळीचे पंच. वरचे पत्रे गिरणीने दिलेले आणि पंखेही गिरणीनेच दिलेले, तेव्हा गोड बोलण्यावाचून पाळकसाहेबांना दुसरं काय होतं? उपासना संपल्यावर दारात हस्तांदोलन चालू होतं तिथे खरेबुवा थांबला.

"पाळकसाहेब, जमीन ओरडते हे खरं मानायचं, की नुसतं वाचायचं?"

"ते आध्यात्मिक अर्थाने आहे, बाबा."

"तुम्ही आध्यात्मिक अर्थाने उभे राहता. मी खड्ड्यात उभा राहतो." हे तो भांडणाच्या सुरात म्हणाला नाही. तो खरोखर विचारत होता. "देवाने त्या भावाला विचारलं, तुझा भाऊ कुठे आहे. तो म्हणाला, मला ठाऊक नाही. मला उद्या विचारलं तर मी काय सांगू? माझ्याकडे तर रांग आणि नंबर आहे."

पाळकसाहेबांनी पुढच्या माणसाचा हात हातात घेतला. मी मागेच होतो. मला हसू आलं होतं, हेही लिहून ठेवतो.

त्यानंतर तो घरोघर फिरायला लागला. सदतीस घरं. संध्याकाळी खोरं धुऊन दारामागे ठेवायचं, हातपाय धुवायचे आणि निघायचं. दारात टोपी काढून पुन्हा विचारायचा, या वेळी दुसरंच: किती वर्षं गिरणीत होते, खोकला कधी लागला, घरात आणखी कुणाला आहे का. बहुतेकांनी दार लावून घेतलं. मुलगा गिरणीत, दीर गिरणीत, मग बोलायचं कुणी? काहींनी शिव्या दिल्या. तालुक्याच्या कोर्टात एक वकीलबाई होती, तिने वही बघितली आणि रात्रभर झोपली नाही म्हणे. तिने केस लिहिली. पण केस माणसाच्या नावाने लागते, वहीच्या नावाने नाही. ते नाव एका बाईने दिलं.

ती शिवणकाम करायची. आम्ही तिला शिलाईमावशी म्हणायचो, खरेबुवा मात्र ताई म्हणायचा. गल्लीकडच्या खोलीत खिडकीला लावून मशीन, आणि मशीनच्या वर भिंतीला नवऱ्याचा फोटो. नवरा गिरणीत पोती शिवायचा, चौतिसाव्या वर्षी गेला. पेटी माझी आणि कागदावर सही तिची. तिने मुलाला गिरणीत पाठवायचं नाही म्हणून फार हातपाय मारले, पण दुसरं काम मिळेना आणि मुलगा गेलाच. चौथ्या वर्षी त्याला खोकला लागला. बाप कसा मेला ते त्याने एका खोलीत राहून आठ महिने बघितलं होतं. एके दिवशी, आई गिऱ्हाइकाकडे कपडे द्यायला गेली असताना, त्या पोराने आपला जीव दिला. बावीस वर्षांचा होता.

आमच्या मंडळीचा जुना नियम: स्वतःचा जीव घेणाऱ्याला आत जागा नाही. दफनभूमीच्या भिंतीबाहेर, रस्त्याच्या अंगाला. मी माप घ्यायला गेलो तेव्हा ती मुलाच्या गळ्याला स्वतःच्या साडीची पट्टी गुंडाळत होती. खरेबुवा दारात टोपी काढून उभा होता, आणि त्याने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. तिनेच त्याचे पाय धरले. "दादा, याला याच्या बापापाशी राहू दे." त्याने तिला हाताला धरून उठवलं. मग वहीत लिहिलं: ताप. पाच फूट. ते अक्षर त्या पानावर वेगळं दिसायचं. जन्मात एवढं एकच खोटं त्याने केलं, आणि ते तिला आणि मला सोडून कुणालाही माहीत नव्हतं. त्यानंतर तीन महिने त्याने प्रभुभोजन घेतलं नाही. भाकर पुढे आली की मान खाली घालून ती पुढच्याकडे द्यायचा. लोकांना वाटलं, तब्येत बरी नसेल.

या बाईने नाव दिलं. तेव्हा खरेबुवा तिला म्हणाला, "ताई, एक सांगून ठेवतो. कोर्टात शपथ घ्यावी लागेल. वहीबद्दल मला विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही. पण पोराचं नावही मी सांगणार नाही. मग वही जाईल आणि केसही जाईल. तुम्ही विचार करा."

ती मशीनवर वाकून दोरा ओवत होती. म्हणाली, "दादा, विचारणार कोण? तिघांनाच तर माहीत आहे." तिसरा मी तिथेच बसलो होतो. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतका तिचा विश्वास.

मग खरेबुवा माझ्यामागे लागला. "मिस्त्री, तू कोर्टात ये. झाकणावर सह्या घेतात हे सांग. पेट्या अरुंद कापतोस ते सांग." म्हणजे ते त्याने कधीच ओळखलं होतं. मी म्हटलं, मला संसार आहे. तो म्हणाला, "त्यांनाही होता." मी म्हटलं, माझा काय संबंध, मी फक्त पेट्या करतो. माझी बायको आणि नवा जावई समोर बसले होते, आणि त्यांच्यासमोर तो शांतपणे म्हणाला, "संबंध आहे. मेलेल्याला तुझी पेटी आणि जित्याच्या तोंडात बोळा, दोन्ही एकाच वेळी होतं. तुझा हात आहे त्यात." जावई पायाकडे बघत राहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं बोलणाऱ्याचा राग येतो तो खोटारड्याच्या रागापेक्षा वाईट असतो, कारण तो काढायला जागाच नसते.

चार दिवसांनी मॅनेजर दुकानात आले. भर दुपार, रस्त्यावर माणसं. एका तयार पेटीवर रुमाल टाकून बसले आणि म्हणाले, "मिस्त्री, हा खरेबुवा एवढा हरिश्चंद्र आहे का हो? एवढ्या वर्षांत एकही नोंद इकडची तिकडे नाही? माणूस आहे शेवटी." त्यांनी धमकी दिली नाही. लालूचही नाही. काम काढून घेईन असंही म्हणाले नाहीत, म्हणाले असते तर मला आज सांगायला कारण तरी झालं असतं. ते नुसते बसून राहिले. आणि मी, हातात रंधा, म्हणालो, "हरिश्चंद्र कसला? शिलाईवालीच्या पोराचं काय लिहिलंय ते बघा."

उचलली जीभ लावली टाळ्याला. सांगताना मला बरं वाटलं. सगळ्यांना वाटतो तेवढा तो शुभ्र नाही हे कुणाला तरी कळलं, एवढंच ते बरं वाटणं होतं. मॅनेजर उठले, रुमालाची घडी घातली आणि पेटीच्या कामाची तारीफ करून गेले.

कोर्ट म्हणजे एक लांबट खोली. वर संथ फिरणारा पंखा, आणि बाकांना आधीच्या माणसांचं तेल लागलेलं. मी मागे बसलो होतो, साक्ष द्यायला नव्हे, बघायला. शिलाईमावशी पहिल्या बाकावर, स्वतः शिवलेल्या स्वच्छ पांढऱ्या पोलक्यात. तिच्या मागे आणखी नऊ बायका. वकीलबाईने खरेबुवाकडून सगळं नीट वदवून घेतलं. पाच फूट, सात फूट, सदतीस माणसं, आणि घरात दुसऱ्या कुणालाही न झालेला क्षय. न्यायाधीश लिहिता लिहिता थांबले आणि त्यांनी वही स्वतः मागून घेऊन पानं चाळली. नऊ बायकांपैकी एकीने दुसरीचा हात धरला. मग गिरणीचा वकील उठला.

"या वहीतली प्रत्येक नोंद खरी आहे?"

"नाही," खरेबुवा म्हणाला. "एक खोटी आहे."

खोलीत कुजबुज झाली. वकीलबाईचा चेहरा उतरला, तिला याने सांगितलंच नव्हतं. तिने विचारलं नव्हतं ना.

"खोटी कुणी लिहिली?"

"मी. जाणूनबुजून."

"कोणती?"

"ते सांगणार नाही."

वकील न्यायाधीशांकडे वळून हसला. न्यायाधीश म्हणाले, "तुम्हाला उत्तर द्यावं लागेल. कोणती नोंद खोटी हे सांगितलं नाहीत तर मला सगळी वहीच बाजूला ठेवावी लागेल. समजतंय?"

"समजतंय, साहेब."

"मग सांगा."

तो कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. तो तिच्याकडे बघत नव्हता. बघितलं असतं तरी सगळ्यांना कळलं असतं, म्हणून तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. सदतीस माणसं त्या वहीत होती, आणि ती वही आता न्यायाधीशांनी मिटून बाजूला सरकवली.

तेव्हा शिलाईमावशी उठली. "साहेब, ती माझ्या मुलाची आहे," ती म्हणाली. "त्याला ताप नव्हता. त्याने जीव दिला. गिरणीचा खोकला लागला होता म्हणून दिला. त्याच्या बापाजवळ जागा मिळावी म्हणून मीच दादांचे पाय धरले. बाकीचं सगळं खरं आहे. दादा खोटं बोलत नाहीत." एवढं बोलून ती बसली नाही, उभीच राहिली. बसायचं असतं हे तिच्या लक्षात आलं नसावं. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला मॅनेजर होते, त्यांनी खिशातून डायरी काढून काहीतरी लिहून घेतलं.

केस जिंकली असं म्हणतात. वही मान्य झाली. गिरणीच्या डॉक्टरला क्षय लिहायला बंदी झाली, दळताना दगडावर पाणी मारायची यंत्रं बसली, पूड खाली बसायला लागली. हल्ली गिरणीतला माणूस पन्नाशीपर्यंत जातो, कधी साठीही बघतो. ते एवढ्यावरून झालं की एका कबरी खणणाऱ्याला रविवारची गोष्ट खरी वाटली. हे पुस्तिकेत घालायला हरकत नाही. पण भरपाईचा हुकूम झाला त्यात एक कलम होतं: ज्यांनी पेटी घेऊन कागदावर सही केली त्यांचा दावा संपलेला आहे. सही ती सही. सदतीसांपैकी एकतीस घरांनी पेटी घेतली होती. शिलाईमावशीनेही घेतली होती. तिला काहीही मिळालं नाही. माझं झाकण फार गुळगुळीत होतं.

आणि पुढच्या महिन्यात पंचांची सभा बसली. मॅनेजरनी डायरी उघडली आणि नियम वाचून दाखवला. बाईने भर कोर्टात कबूल केलंय, तेव्हा मंडळीने डोळेझाक कशी करायची? पाळकसाहेब म्हणाले, "नियम माझ्या आधीचा आहे." ठराव झाला: शिलाईवालीच्या मुलाला उकरून भिंतीबाहेर हलवावं. खणणाऱ्याने खोटी नोंद केली, तेव्हा त्याची नोकरी आणि खोल्या महिनाअखेरीस जातील. तोवर तो कामावर आहे, तेव्हा हे काम त्यानेच करावं.

त्याने का केलं, असं मला पुष्कळांनी विचारलं. मीही त्याला म्हटलं होतं, नाही म्हण, करू दे दुसऱ्या कुणाला. तो म्हणाला, "दुसरा पहार मारेल. पेटी फुटेल. मला माहीत आहे ती कुठे आहे."

सकाळी आठला सुरुवात केली. त्याला मदतीला कुणी येईना म्हणून मी गेलो. शिलाईमावशी नवऱ्याच्या कबरीच्या दगडाला टेकून बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर एक धुतलेली चादर. तिला घरी जा म्हणून सांगायची कुणाची छाती झाली नाही. खरेबुवाने पहार हातात घेतलीच नाही. वरचे दोन फूट खोऱ्याने काढले आणि पुढचं हाताने. माती बाजूला सारून बोटांनी चाचपायचा, मग पुन्हा सारायचा. झाकण लागलं तेव्हा दहा वाजले होते. फळी कुजली होती. मी स्वस्तातलं लाकूड वापरलं होतं, आणि ते तिच्यासमोर मला बघावं लागलं. तळ जाग्यावर राहणार नाही हे दोघांनाही कळलं. तिने न बोलता चादर पुढे केली.

आम्ही दोघे खाली उतरलो. त्या जागेत दोन माणसं मावत नाहीत, छातीला छाती लागते. चादर पेटीखालून सरकवताना त्याचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. घाम मातीत मिसळून त्याच्या डोळ्यांत जात होता आणि हात गुंतलेले म्हणून त्याला तो पुसता येत नव्हता. तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्याने विचारलं, "मिस्त्री, गिरणीवाल्यांना तू सांगितलंस का?"

मी म्हणालो, "नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या लेखी माणूस नाही म्हणाला की नाही. दुसरं काही असू शकतं हे त्याला कळतच नसे. मला दिसलं, त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

"मग माझ्याच तोंडून कुठेतरी गेलं असेल," तो म्हणाला. "आणि मी महिनाभर मनात तुझ्यावर संशय घेत होतो. रोज प्रार्थनेला बसलो की तुझंच तोंड समोर यायचं. पाप केलं मी. मला माफ कर."

वर तिने विचारलं, "दादा, झालं का?"

"एक मिनिट, ताई," तो म्हणाला, आणि चादरीचं टोक धरून माझ्या उत्तरासाठी थांबला.

मी त्याला माफ केलं.